धरणचोराचा कबुलीजबाब

आम्ही केलेल्या सिनेमाचं नाव 'धरणचोर'. अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा, मोबाइलवर काढलेला, हसण्याचा सिनेमा. हसण्याचा होता हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहितोय त्यात हसण्यासारखं फार नाही.

गोष्ट अशी होती. एका गावाचं धरण एके सकाळी कोरडं दिसतं. पाणी गेलं म्हणजे चोरीला गेलं, आणि चोरी झाली म्हणजे ती गावाबाहेरच्या पारध्यानंच केली, असं गाव चहा संपायच्या आत ठरवतं. हवालदार त्याच्या पालाची झडती घेतो. आत अर्धा माठ पाणी सापडतं. पाण्याचा पंचनामा होतो, माठाला लाखेचं सील लागतं, माठ जीपमध्ये पुढच्या सीटवर बसतो. मार खाऊन पारधी कबूल होतो. मुद्देमाल कुठं ठेवलास म्हणून पोलीस, पुढारी, सगळं गाव त्याच्या मागं भेगाळलेल्या रानातून निघतं. तो त्यांना साखर कारखान्याच्या चेअरमनच्या उसात नेऊन उभं करतो. डोक्यावर हिरवागार ऊस, पायाखाली चिखल. 'हे बगा, हितं ठिवलंय,' म्हणतो. लोक एकमेकांकडं बघतात, आणि परवानगीशिवाय उसात घुसला म्हणून त्याच्यावर दुसरा गुन्हा नोंदवतात. संपला सिनेमा.

ही गोष्ट आम्हाला सुचली, कारण आमची पत्रकं कोणी वाचत नव्हतं. बीडला एका झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या संघटनेची खोली होती. चार-पाच पोरं, एक टेबल, गठ्ठ्यानं पत्रकं. पाणी कुणाचं, ऊस कुणाचा, छावणी कुणाची, असले मथळे मी झोपेतसुद्धा लिहू शकलो असतो. त्या साली दुष्काळ असा पडला होता की जनावरं घेऊन अख्खी गावं चारा छावण्यांत राहायला गेली होती. आमच्या भागातली छावणी कारखान्यानं उघडली होती. आम्ही तिथं पत्रकं वाटायचो. माणसं हातात घ्यायची, उलटसुलट बघायची, आणि त्यावर भाकरी ठेवून जेवायची. त्यांचंही बरोबर होतं. सकाळपासून बैलासाठी वैरणीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला मी काय सांगणार की तुझ्यावर अन्याय होतोय.

मग आमच्यातला एक म्हणाला, हसवू या. हसायला लोक थांबतात.

आणि पारधीच का, तर माझ्या डोक्यात एक राग होता. आमची माणसं दर साली दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. तिकडच्या गावात कुणाची कोंबडी गेली तरी पहिली धाड आमच्या पाचटाच्या कोप्यांवर. 'बीडवाले हायती, बगा रे तेंच्या पेट्या.' माझ्या आईची पत्र्याची पेटी अशीच एकदा उन्हात पालथी केलेली मी पाहिली आहे. तिचं लुगडं, माझी शाळेची वही, देवाचा टाक, सगळं मातीत. तिथं माझा चुलता हात जोडून उभा होता. तोच चुलता गावी आल्यावर पारध्याबद्दल म्हणायचा, जातच तसली हाय ती. मी विचारायचो, मग आपली कसली हाय? त्यावर तो मला म्हणायचा, तू लई शिकलास बे.

आमच्या गावात तेव्हा एकच पारधी कुटुंब होतं. नवरा-बायको, गायरानाच्या कडेला पाल. तो माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा. गावातलं शेंबडं पोरही त्याला 'ए' म्हणून हाक मारायचं. मी मामा म्हणायचो, तो मला भाऊ म्हणायचा. त्याच्याकडं गावाची राखण होती. हे बाहेरच्यांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण आमच्याकडं जुनी रीत आहे. ज्याला गाव चोर म्हणतं, त्याच्याच हवाली गाव उभी ज्वारी करतं. दाणा भरल्यापासून खळं होईपर्यंत रान त्याच्या ताब्यात. बदल्यात खळ्यावर घरटी ज्वारी. त्यानं राखलेल्या रानातलं एक कणीस कधी गेलं नाही, आणि तरी कुणाच्या दारातली बादली हलली की नजर आधी गायरानाकडं जायची.

मामाला राखण हवी होती ती नुसत्या ज्वारीसाठी नाही. राखण असली की तो 'गावचा राखणदार'. पोलिसांनी कुठंही हटकलं तर गावातलं कोणीतरी म्हणायचं, सोडा सायब, आमचा राखणदार हाय. राखण नसलेला पारधी दिसला की त्याला आधी उचलायचं आणि गुन्हा मागून शोधायचा, अशी पद्धत आहे. मी पत्रकाच्या भाषेत बोलतोय असं कुणाला वाटेल. वाटू द्या. मामाचे दोन भाऊ असेच उचलले गेले होते. त्यातला एक परत आला.

दुष्काळात राखायला काही उरलं नव्हतं. राखण ठरवणाऱ्या गावच्या सोसायटीनं मामाला तेवढ्यापुरतं छावणीत कडब्याच्या गंजीवर राखणीला ठेवलं होतं. पाऊस पडून ज्वारी उभी राहिली की राखण पुन्हा त्यालाच, असं सगळे म्हणत होते.

सिनेमात काम करशील का म्हणून विचारायला गेलो तेव्हा त्यानं सगळी गोष्ट ऐकून घेतली. माठाला सील लागतं तिथं मामी पदर तोंडाला लावून हसली. मामानं एवढंच विचारलं, "मारायचं खरं न्हाई ना?"

न्हाई मामा, म्हटलं, खोटं खोटं.

हवालदाराचं काम आमच्यातल्या, माझ्याच गावच्या जाड्यानं केलं. नाटकाच्या कपड्यांच्या दुकानातून वर्दी भाड्यानं आणली होती. ती घालून तो बाभळीमागून बाहेर आला आणि बसलेला मामा ताडकन उभा राहिला. त्या पोराला मामानं उघडंनागडं खेळताना पाहिलेलं. सगळे हसलो. मामापण हसला, पण जरा वेळानं.

कबुलीचा प्रसंग मी लिहिला होता. चांगली पानभर वाक्यं होती, चिमटे होते, धरणाच्या भिंतीचा उल्लेख होता. मामाला ती पाठ होईनात. दोन-तीन वेळा गाडी अडली. मग तो म्हणाला, भाऊ, मी माझ्या परीनं म्हणतो. म्हटलं म्हणा. तो उकिडवा बसला. दोन्ही हात जुळवून पुढं धरले, मनगटाला मनगट लावून. नजर जाड्याच्या शर्टाच्या मधल्या गुंडीवर ठेवली, तोंडाकडं नाही. आणि एका दमात म्हणाला:

"व्हय सायब. म्याच केलं. एकलाच व्हतो. संगं कोन नव्हतं. बायकोला ह्यातलं काय म्हाईत न्हाई. कुटं ठिवलं ते दावतो. चला."

कॅमेरा धरणाऱ्या पोराचा हात हसून हलत होता. मी तोंडात रुमाल कोंबला होता. एवढं मोठं धरण, आणि हा गडी असा कबूल होतोय जशी कोंबडीच नेली. इतकं अस्सल कोणी करू शकेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. मी जाऊन म्हटलं, मामा, कमाल केली. हे सुचलं कसं?

"सुचाया काय झालं," तो म्हणाला. "पाठच हाय. बायकोला म्हाईत न्हाई हे इसरायचं न्हाई बगा, न्हाईतर तिलाबी आनत्यात."

जाड्यानं टोपी काढली. पुढचा प्रसंग त्या दिवशी घेतला नाही.

सिनेमा छावणीतच दाखवला, दिवस मावळताना. कोचिंग क्लासवाल्या एका सरांनी प्रोजेक्टर दिला. पडद्याला कापड नव्हतं, म्हणून एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स उलटं करून बांधलं. मागून उजेड आला की त्याच्या मिशा दिसायच्या. लोक त्यावरही हसले. सिनेमा सुरू झाला आणि छावणी हसून हसून लोळली. माठ जीपमध्ये पुढं बसला तेव्हा एक म्हातारा इतका हसला की त्याला पाणी पाजावं लागलं. मामाला कोणीतरी पुढं ओढून सतरंजीवर बसवलं होतं, माणसांच्या मध्ये. मी पडद्याकडं कमी आणि त्याच्याकडं जास्त बघत होतो. स्वतःला मार खाताना बघून तो गुडघ्यावर हात मारत होता.

उसाचा प्रसंग आला तेव्हा हसू जरा दबलं. छावणी कारखान्याची, कारखाना चेअरमनचा, आणि सकाळी वैरण घ्यायची होती. छावणीचा मॅनेजर उठला आणि जनरेटरकडं गेला. तो बंद करतो की काय असं वाटलं, पण तो तिथं पाठ करून नुसता उभा राहिला. ते आमचं यश, असं मी त्या दिवशी मानलं.

काही दिवस गंमतच होती. गाव मामाला 'धरणवाले' म्हणू लागलं. काय धरणवाले, आज कुठलं तळं? हॉटेलवाला बोलावून चहा पाजायचा. 'ए' म्हणणारी पोरं त्याच्या मागं 'व्हय सायब, म्याच केलं' म्हणत पळायची, आणि तो वळून खोटं खोटं धरायला धावायचा. मामी म्हणाली, ह्या गावात ह्यांना असं हसलेलं मी पयल्यांदा बगतेय.

मग आमच्याच गावातल्या एका पोरानं कबुलीचा तुकडा कापून स्टेटसला ठेवला. वाईट हेतू नव्हता. सगळ्यात भारी तेवढंच वाटलं त्याला, आणि तेवढंच सगळ्यात भारी होतं. तिथून तो तुकडा कुठून कुठं गेला ते देवाला ठाऊक. माझी पानभर वाक्यं मामानं म्हटली असती तर त्यात धरण आलं असतं, भिंत आली असती, ऐकणारा म्हणाला असता की हे नाटक आहे. मामाच्या कबुलीत धरण हा शब्दच नाही. त्यात कुठलीच वस्तू नाही. ती कुठल्याही चोरीला लागते, तशीच ती घडवलेली असते. एकानं वर लिहिलं, विहिरीवरच्या मोटारी चोरणारा अखेर सापडला. दुसऱ्यानं लिहिलं, शेळ्या. तिसऱ्यानं लिहिलं, लहान मुलं. जाड्याची भाड्याची वर्दी लोकांना खरी वाटली. मामाचं तोंड तर खरंच होतं.

आम्ही पूर्ण सिनेमा पाठवला. पूर्ण बघा, शेवट बघा, अशी विनवणी केली. पाणी भरायला टँकरमागं धावणाऱ्या माणसाला अर्धा तास कुठला? एका ग्रुपवर मला उत्तर आलं, चोराची बाजू घेणारा तू कोण? दुसऱ्या ग्रुपमधून मला काढून टाकलं. ज्यांनी सिनेमा छावणीत बसून पाहिला होता तेही तो तुकडा पुढं पाठवत होते. एकाला मी हटकलं. तो म्हणाला, अरे आपल्याला म्हाईत हाय ना, मग काय व्हतंय. मला त्या दिवशी त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला, अजूनही वाटतो. आपल्याला माहीत आहे म्हणून काही होत नाही, असं समजणाऱ्या माणसांनीच हा जिल्हा भरला आहे.

माजलगावला मामा मीठ-मिरची आणायला गेला होता. तिथं दोन पोरांनी त्याला थांबवलं आणि त्याच्या गालाशेजारी मोबाइल धरून दोन्ही तोंडं ताडून पाहिली. गर्दी जमली. हे मला मामीनं सांगितलं, ती सोबत होती. कोणी हात लावायच्या आधीच मामा खाली उकिडवा बसला आणि त्यानं मनगटं पुढं केली. मोंढ्याच्या बाजारात आमच्या गावचा एक शेतकरी होता. तो गर्दीत घुसून ओरडला, सोडा रे, आमचा राखणदार हाय तो. म्हणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जळजळीत पत्रक. पालावर जाऊन मामा-मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. धरणाचं राजकारण, उसाची मक्तेदारी, इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आजची व्यवस्था. मामानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "भाऊ, ह्याच्यात म्या चोर न्हाई असं कुटं लिवलंय?"

मी पत्रक पुन्हा वरून खाली पाहिलं. लिहिलेलं नव्हतं.

त्याला एक दाखला हवा होता. शिक्का असलेला. ह्या माणसानं धरण चोरलेलं नाही, असा. मी सोसायटीच्या सचिवाकडं गेलो. तो भला माणूस होता, पण कागदाला भिणारा. म्हणाला, अहो, असा दाखला कुठल्या नमुन्यात देऊ? ज्यानं जे केलं नाही त्याचा दाखला द्यायला लागलो तर अख्ख्या गावाला द्यावा लागेल. मी भांडलो. त्यानं मला चहा पाजला आणि सही केली नाही.

पुढच्या साली पाऊस पडला. चांगला पडला. छावणी उठली, जनावरं घरी आली, रब्बीची ज्वारी कमरेला लागली, आणि सोसायटीच्या ऑफिसात राखणीची बैठक बसली. मी गेलो होतो. मामा नेहमीसारखा बाहेर पायरीवर. आत चर्चा सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की ठरलेलं आधीच आहे. शेजारच्या गावचे लोक हसतात म्हणे, चोराच्या हाती ज्वारी दिली म्हणून. खरेदीला येणारे व्यापारी विचारतात म्हणे. एकानं सांगितलं, कारखान्याच्या ऑफिसातसुद्धा विषय निघाला होता. माझा चुलता बैठकीत होता. तो म्हणाला, आमाला म्हाईत हाय रं बाबा तो सिनेमा हाय, पण लोकाला कुटवर सांगत बसायचं? बाहेरच्या माणसाला राखण द्या, पगारी, वर्दीवाला.

मी बोलायला लागलो. मी काय बोललो ते सांगत नाही, सगळ्यांनी ते पत्रकातून आधी ऐकलेलं होतं. बोलता बोलता मामा दारात येऊन उभा राहिला. बैठकीत तो कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता, तेव्हाही आला नाही.

"मालक, एक इनंती हाय," तो म्हणाला. "काडली म्हनू नका. म्या सोडली म्हना. काडलीय म्हनलं की दुसरं गाव ठिवत न्हाई."

सगळ्यांना केवढं बरं वाटलं. चुलता म्हणाला, हां, ह्ये बेस बोललास. सचिव म्हणाला, तसंच लिहितो. कोणीतरी चहा सांगितला. मी उठून उभा होतो. मामानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, बस भाऊ. त्या आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी बसलो. मग तो उंबऱ्याबाहेरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की मी माझ्या मर्जीनं राखण सोडतोय, गावाबद्दल काही तक्रार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

चार-आठ दिवसांत पाल उठलं. कुठं जाताय म्हटलं तर मामी म्हणाली, बगू, कुटं ज्वारी असंल तिकडं.

त्या उन्हाळ्यात मला एका लांबच्या ठाण्यातून फोन आला. एक इसम ताब्यात आहे, तुमचा नंबर देतोय, गावचा राखणदार आहे म्हणतो, खरं का? मी म्हटलं, हो, आमचा राखणदार आहे. खोटं बोललो. ते मला कधी खोटं वाटलं नाही. तिकडच्या माणसानं शहानिशा म्हणून आमच्या सोसायटीतही फोन लावला. सचिवानं जे झालं तेच प्रामाणिकपणे सांगितलं. राखण त्यानं स्वतःच सोडली, स्वखुशीनं, आता गावाशी त्याचा संबंध नाही.

बीडच्या कोर्टातल्या एका ओळखीच्या वकिलाला घेऊन मी गेलो. मामा सुटायला पंधरवडा लागला. कुठली चोरी होती ते मी विचारलं. ठाण्याच्या कागदात एका पाणबुडी मोटारीचा उल्लेख होता, पण त्यात नेमकं कुणाची मोटार हे लिहिलेलं नव्हतं. तुकडा त्यांनी पाहिला होता. ठाण्यात सगळ्यांनी पाहिला होता. एक शिपाई मला म्हणाला, तुमच्या ह्या माणसाला आम्ही लगेच ओळखलं.

सुटल्यावर आम्ही तिघं एसटी स्टँडवर बसलो होतो. मामीनं कुठूनशी केळी आणली होती. मामाचा एक पाय नीट टेकत नव्हता. केळ सोलता सोलता मामा म्हणाला:

"भाऊ, तुमी लई गावं हिंडता. कुटं राखण हाय का बगा."

तेव्हापासून मी विचारतोय. आमची पत्रकं सगळ्या तालुक्यांत जातात, ओळखी आहेत, सोसायट्यांचे सचिव फोन उचलतात. माणूस खात्रीचा आहे म्हणून सांगतो. वय सांगतो, बायको सोबत असते हे सांगतो, इतकी वर्षं एक कणीस गेलं नाही हे सांगतो. बहुतेक जण म्हणतात, आता कॅमेरे बसवले. पाटोद्याकडचे एक चेअरमन मात्र तयार झाले. राखणीची रीत त्यांच्याकडं अजून आहे, पाल टाकायला विहिरीजवळ जागाही देतो म्हणाले. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी सहज सांगितलं, तेवढा त्यांचा एक फोटो पाठवून द्या.

फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी अजून पाठवलेला नाही.